उंदरांचा चिकट पुठ्ठा: स्वस्त आहे, पण घेऊ नका

भातकापणी उरकली की शेतातले उंदीर घराकडे सरकतात. मग रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत किराणा दुकानांत पुस्तकासारखा उघडणारा चिकट पुठ्ठा खपू लागतो. विष नाही, स्प्रिंग नाही, उघडा आणि ठेवा. तरी पाचपैकी एकच गुण देतो, तोही मुलांच्या हाती लागला तर विषबाधा होत नाही एवढ्यासाठी.

हा पुठ्ठा उंदराला मारत नाही, नुसता धरून ठेवतो. मरण येतं ते तहानेनं, दमून, किंवा नाक चिकटून श्वास कोंडल्यानं, आणि त्याला कित्येक तास लागतात. सुटायच्या धडपडीत कातडी सोलवटते, कधी तो आपलाच पाय कुरतडतो. बरेच जण पुठ्ठा दुमडून जिवंत उंदरासकट कचऱ्यात टाकतात. धान्य, वायरी आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा ताप पाहता उंदीर मारावे लागतात, हे आम्हाला मान्य आहे. पण मारायचं तर क्षणात मारावं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानंही २०११ आणि २०२० मध्ये या पुठ्ठ्यांविरुद्ध परिपत्रकं काढली आहेत.

कामातही तो कच्चा आहे. चुलीची राख किंवा तांदळाची पिठी बसली की चिकटपणा जातो. पावसात ओल्या पायांचा उंदीर निसटतो आणि घूस तर पुठ्ठाच ओढून नेते. उलट पाल, सापसुरळी, चिचुंद्री हमखास अडकतात. ही तिन्ही किडे खातात. पडवीत ठेवलेल्या पुठ्ठ्यावर धामणीचं पिल्लूही चिकटू शकतं, आणि धामण तर उंदीर खाते.

पाल अडकलीच तर ओढू नका, कातडी निघते. आजूबाजूच्या उघड्या गोंदावर आधी पीठ भुरभुरा, म्हणजे ती पुन्हा चिकटणार नाही. मग कापसाच्या बोळ्यानं पायांभोवती खोबरेल सोडा, काही मिनिटं थांबा आणि एकेक पाय हळूच सोडवा. साप असेल तर हात न लावता सर्पमित्राला बोलवा.

आमची पसंती स्प्रिंगच्या चापाला, पण मापाच्या. लहान चापात मोठ्या उंदराचा नुसता पाय सापडतो, मग तोही छळच. भाजलेल्या खोबऱ्याचा शेंगदाण्याएवढा तुकडा दोऱ्यानं घट्ट बांधा, नाहीतर चाप न पडताच खोबरं जातं. चाप भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून आधी तीन-चार रात्री आमिष लावून चाप न ओढताच ठेवा. पावसाळ्यात लाकडी पाट फुगतो, खिट्टी अडकते. त्या दिवसांत प्लास्टिकचा बरा. मुलं, मांजर असतील तिथं तो खोक्यात ठेवावा.

पिंजरा दयाळू वाटतो, पण सकाळी तो बादलीत बुडवायचा असेल तर त्यातली दया संपली. लांब नेऊन सोडलेला उंदीरही अनोळखी जागी क्वचितच तगतो. ब्रोमाडिओलोन या उंदीरमार विषाचा केक खाल्लेला उंदीर आतल्या रक्तस्रावानं काही दिवसांनी मरतो, बहुधा माळ्यावर, आणि त्याला खाणाऱ्या घुबडाला, मांजरालाही ते विष भोवतं.

खरा पैसा फटी बुजवण्यावर घालावा. पेन्सिल जाईल एवढी फट घरउंदराला पुरते. कौलारू घरात वळचण, वासा भिंतीत शिरतो ती जागा आणि मोरीचं तोंड आधी बघा. वारा हवा तिथं ६ मिलिमीटरची जाळी लावा, बाकी ठिकाणी तारेचा चोथा कोंबून वरून सिमेंट. दोन्ही स्टेनलेसचीच घ्या, साधं लोखंड खाऱ्या हवेत गंजून भुगा होतं. छपराला टेकणाऱ्या फांद्या छाटा. मेलेला उंदीर उचलताना रबरी हातमोजे घाला आणि लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचिंगच्या पाण्यानं भिजवा.