जपानी संभाषणाचे ऑनलाइन वर्ग: सहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ ही खालून दुसरी पातळी मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले होते, तरी कोणी जपानी माणसाने साधा प्रश्न विचारला की माझी वाचा बसत असे. शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन आणि श्रवण यांचा कस ही परीक्षा उत्तम लावते. मात्र १९८४ पासून चालत आलेल्या या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी मी एका ऑनलाइन सेवेचे वर्ग सुरू केले. प्रत्येक वर्ग २५ मिनिटांचा असतो, समोर एकच शिक्षिका असते आणि पुस्तक उघडायचे नसते.

पुढच्या वर्गाची वेळ ठरवताना एकदा शिक्षिका 'शिचिजी', म्हणजे सात वाजता, असे म्हणाल्या. मला 'इचिजी', म्हणजे एक वाजता, असे ऐकू आले आणि मी 'हाय, हाय', म्हणजे 'हो, हो', म्हणत मान डोलावली. ठरल्याप्रमाणे एक वाजता मी संगणकासमोर बसले, पण पलीकडे कोणीच नव्हते. शिक्षिकांनी मला त्याबद्दल बोल लावला नाही. उलट पुढचा संपूर्ण वर्ग त्यांनी याच एका चुकीवर घेतला. ऐकलेला शब्दच 'शिचिजी देसु का?' असा प्रश्न करून परत म्हणायचा, वाक्य निसटले तर 'मो इचिदो ओनेगाइशिमासु' अशी पुन्हा सांगण्याची विनंती करायची, अनोळखी शब्द आला तर त्याला 'त्ते नान देसु का?' जोडायचे, जे थेट आपल्या 'म्हणजे काय?' सारखे आहे. गोंधळ टाळण्यासाठी जपानी लोक स्वतःही सात वाजता हे 'नानाजी' असे सांगतात, हे कळल्यावर माझ्या मनावरचे दडपण बरेच उतरले.

या सेवेचे खरे मोल मला इथेच वाटते. संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचा विराम सरासरी अवघा २०० मिलिसेकंदांचा असतो, आणि एखादा शब्द मनात जुळवून उच्चारायला मातृभाषेतही सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचे वाक्य चालू असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव करत असतो. शिकाऊ माणसाची सगळी शक्ती ऐकण्यातच खर्ची पडत असल्याने त्याला हे साधत नाही. म्हणून 'एएतो', म्हणजे आपल्या 'अं...' सारखे, म्हणत वेळ कसा घ्यावा आणि 'आइझुची', म्हणजे आपल्याकडच्या हुंकारासारखा प्रतिसाद, नेमका कुठे द्यावा, याचा सराव इथे चिकाटीने करून घेतला जातो. माझे 'हाय' हे होकार नसून नुसते 'ऐकते आहे' असेही असू शकते, हा फरक मला पुस्तकातून कधीच उमगला नव्हता. मराठी माणसाला एक गोष्ट मात्र सोपी जाते: 'ताबेमासु' की 'ताबेमासेन', खातो की खात नाही, हे कळायला वाक्याच्या शेवटापर्यंत थांबण्याची सवय आपल्याला जन्मापासूनच असते.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. नेहमीच्या शिक्षिका नसल्या की येणारे बदली शिक्षक मी जराशी अडखळताच इंग्रजीकडे वळत. त्यामागे सद्भावना होती, पण ज्या क्षणाला तोंड देण्यासाठी मी तिथे बसले होते, नेमका तोच क्षण माझ्या हातून निघून जाई. वर्गानंतर मिळणारी चुकांची यादीही मला पटली नाही. 'वा' आणि 'गा' या नामाला जोडल्या जाणाऱ्या प्रत्ययांची किरकोळ अदलाबदल आणि अर्थच उलटा करणारी चूक तिथे एकाच रांगेत बसलेल्या असतात. आवाज, चित्र आणि वेळ नोंदवण्याची सोय यांबाबत तक्रार नाही.

क्रियापदांची मूळ रूपे अजून पक्की नसलेल्यांनी घाई करू नये, कारण २५ मिनिटे नुसत्या शांततेत जातील. मी स्वतः आणखी तीन महिन्यांसाठी नोंदणी केली आहे आणि नोंदणीतील सूचनांच्या रकान्यात एकच वाक्य लिहिले आहे: मी तीनदा 'मो इचिदो' म्हणेपर्यंत कृपया इंग्रजीत बोलू नये.