‘आजोबा, अंगठा नीट आला नाही’

एकतीस वर्षं मी छापखान्यात खिळे जुळवले. उलटी अक्षरं सुलट वाचायची सवय अजून गेलेली नाही. आणि फसलो कुठे, तर समोर काय लिहिलंय ते न वाचता अंगठा ठेवला तिथे. लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे नव्हताच म्हणा, दाखला काढून देणाऱ्या पोराकडे होता.

नोव्हेंबरातली गोष्ट. लालबागला आमच्या चाळीच्या तोंडाशी दोन पोरं टेबल टाकून बसली होती. मागे फ्लेक्स: ‘हयातीचा दाखला मोफत. वयोश्रीचे 3000 मिळवा.’ (वयोश्री म्हणजे म्हाताऱ्यांसाठीची सरकारी योजना.) गळ्यात ओळखपत्र, टेबलावर लॅपटॉप आणि अंगठ्याचं छोटं मशीन. रांगेत ओळखीचीच मंडळी होती, मीही उभा राहिलो. ‘तीस तारखेनंतर पेन्शन बंद होईल हां काका,’ असं एक जण दर पाच मिनिटांनी ओरडत होता.

इथेच मला कळायला हवं होतं. नोव्हेंबरची अट सरकारी पेन्शनरांची. माझं पेन्शन ईपीएस-95चं, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडवाल्या कामगारांचं, महिना 1,740 रुपये. (हसू नका, 2014ला त्यातलं किमान पेन्शन हजार रुपये ठरलं, त्या मानाने मी श्रीमंत.) आम्हाला दाखला ज्या दिवशी दिला तिथून वर्षभर चालतो. माझा मार्चपर्यंत चांगला होता. पण रांग दिसली आणि शेवटची तारीख ऐकली की आम्हा लोकांचं डोकं चालेनासं होतं. रॉकेलच्या रांगेत वाढलेली माणसं आम्ही.

पोराने आधार नंबर घेतला, बँक कुठली ते विचारलं. मी पिशवीतून पीपीओचा, म्हणजे पेन्शनच्या मंजुरीचा कागद काढला, तर म्हणाला, ‘राहू दे, आधारवर सगळं येतं.’ खऱ्या दाखल्याला पीपीओ नंबर लागतोच. दर वर्षी मीच तो वाचून दाखवतो. तरी कागद घडी घालून परत पिशवीत टाकला.

अंगठा ठेवला. ‘आजोबा, नीट आला नाही, पुन्हा.’ मला ते खरंच वाटलं. खिळ्यांनी झिजलेले अंगठे माझे, रेशनच्या दुकानातही दोन-तीनदा टेकवावे लागतात. पुन्हा ठेवला. मग ‘आता वयोश्रीसाठी’ म्हणून तिसऱ्यांदा. चहाही पाजला त्यांनी.

बारा दिवसांनी पासबुक भरायला गेलो, तर 10,000 आणि 9,500 अशा दोन नोंदी, त्याच दिवशीच्या, पाच मिनिटांच्या अंतराने. मेसेज आले असणार, पण बँकेत नंबर हिचा दिलेला. ती 2021ला गेली, नंबरही बंद झाला, आणि तो बदलायचं काही सुचलं नाही.

बँकेतल्या मुलीने समजावलं तेव्हा उजेड पडला. आधारवरून पैसे काढायची सोय आहे, खेड्यापाड्यात बँक नाही तिथल्या लोकांसाठी केलेली. कार्ड नको, पिन नको, ओटीपी नको. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, बस्स. एका वेळी दहा हजारांपर्यंत निघतात. हयातीच्या दाखल्याला जे मशीन, तेच पैसे काढायलाही चालतं, आणि आपला अंगठा कशावर उमटला हे मशीन आपल्याला सांगत नाही. दाखला झालाच नव्हता. झाला असता तर प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबराचा मेसेज येतो. आणि वयोश्रीचे तीन हजार एकदाच मिळतात, चष्मा-काठी-श्रवणयंत्रासाठी, 65 पूर्ण आणि घरचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल तर. त्यासाठी चाळीच्या तोंडाशी कुणी अंगठा मागत नाही.

बँकेतल्या साहेबांनी आधी सांगितलं, ‘अंगठा तुमचाच आहे, म्हणजे व्यवहार तुम्हीच केला.’ हे ऐकून परत येऊ नका. मी लेखी तक्रार दिली, शिक्का मारून पोच घेतली, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोलिसांकडे गेलो. रिझर्व्ह बँकेचं 2017चं परिपत्रक आहे, तिऱ्हाइताने पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही. माझे बारा दिवस गेले होते, तिथे मी लटकलो. पैसे अजून आलेले नाहीत. टेबल तर त्याच संध्याकाळी उठलं होतं. रांगेतल्या आणखी दोघांचे गेले, त्यातल्या एका वहिनींनी मुलाला अजून सांगितलेलं नाही.

दाखला आता घरीच होतो. नातू मोबाइलवर माझा चेहरा दाखवून करतो, अंगठा लागतच नाही. मोबाइल नसेल तर पोस्टमनला घरी बोलावता येतं. बँकेत जाऊन नंबर बदलला. आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं. म्हणजे आता कुणी अंगठा उमटवून घेतला तरी चालत नाही. अडचण एवढीच की रेशनला तो लागतो. मग दुकानाच्या रांगेतून नातवाला फोन करायचा, तो दहा मिनिटांपुरतं उघडून देतो. पुढच्या बाईंचा अंगठा तिसऱ्यांदाही आला नाही की माझी दहा मिनिटं संपतात, आणि मी पुन्हा फोन लावतो.