"डॉक्टरांची गाडी, फक्त 54 हजार चाललीय" म्हणून 6 लाख 85 हजार घेतले. रोज लांबचं रनिंग असणाऱ्यांनी वाचाच

सेकंडहँड डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही बघताय आणि समोरचा "सिंगल ओनर, कमी चाललेली" असं काही सांगतोय, तर टोकनचा एक रुपया द्यायच्या आधी हे वाचा. मला मीटर मागे घेतलेली गाडी विकलीय. घरचे म्हणतात झालं ते झालं, चारचौघात कशाला सांगतो. पण गप्प बसलो तर तो माणूस उद्या अजून कोणाला तरी अशीच गाडी देणार, म्हणून आकड्यांसकट लिहितोय.

माझं रोजचं नारायणगाव ते चाकण एमआयडीसी. जाऊन येऊन नव्वद किलोमीटर, महिन्याला सव्वादोन हजाराच्या आसपास. शिफ्टची नोकरी, कंपनीची बस आमच्याकडे येत नाही. आधीची हॅचबॅक चाकणच्या खड्ड्यांत खालून घासून घासून पार गेली होती. पेट्रोल एसयूव्ही तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकसकट 13-14 चं अ‍ॅव्हरेज देते, डिझेल 18 आरामात, त्यात लिटरमागे तेरा-चौदा रुपयांचा फरक, म्हणजे महिन्याला पाच हजार तरी वाचतात. नेक्सॉन बघितली, व्हेन्यू बघितली, शेवटी मारुतीच्या ब्रेझावर आलो कारण ते 1.3 डिझेल इंजिन आमच्या भागातला कुठलाही मेकॅनिक डोळे झाकून खोलतो आणि ग्राउंड क्लिअरन्स 198 मिमी आहे. नवीनच का नाही घेतली असं विचारणाऱ्यांना सांगतो, मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल बंदच केलं, आणि दुसऱ्या कंपनीची नवी डिझेल तेव्हा ऑन रोड बारा लाखांच्या आसपास जात होती. तेवढे नव्हते माझ्याकडे. आपल्याला डिझेलच लागतं आणि ते जुन्यातच मिळतं, हे या जुन्या गाड्या विकणाऱ्या यार्डवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. गिऱ्हाईकाने रोजचं रनिंग सांगितलं की त्यांचं काम अर्धं झालं.

पिंपरी-चिंचवडमधलं यार्ड. 2018 ची डिझेल ब्रेझा, मीटरवर 54,212. "दादा, डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढीच फिरली." 2024 चा दसरा 12 ऑक्टोबरला होता, त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मुहूर्तावर डिलिव्हरी पाहिजे तर आजच टोकन टाका, मागे दोन पार्ट्या लागल्यात, वगैरे. 25,000 टोकन यूपीआयने दिलं, 4,65,000 आरटीजीएस केले आणि 1,95,000 रोख. रोख का, तर "साहेब, दोन लाखाच्या आत असलं की काही लफडं नाही". शिवाय आरसी ट्रान्सफरचे म्हणून 18,000 वेगळे घेतले, ज्याची सरकारी फी काही शेकड्यांत असते. पावती मिळाली फक्त 4,90,000 ची. रोख देणार असाल तर पूर्ण रकमेची पावती हातात आल्याशिवाय नोट सोडू नका. आज माझे 1,95,000 कुठल्याच कागदावर नाहीत आणि तो तोंडावर म्हणतो, कसली रोख?

आणि मी काही आंधळेपणाने नाही घेतली. चुलत भाऊ बरोबर होता, बॉनेट उघडून ऑइल बघितलं, लीकेज बघितलं, एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला, कर्जाचा बोजा नाही, चलन नाही, सगळं क्लीन. पण त्या अ‍ॅपवर गाडी किती चाललीय हे कुठेच येत नाही, आणि कागद क्लीन म्हणजे गाडी क्लीन असं आपण सगळेच धरून चालतो.

डोक्यात अजून जी गोष्ट फिरते ती वेगळीच. ड्रायव्हर सीटवर बसलो तेव्हा स्टीअरिंगला नवं कोरं लेदरचं कव्हर शिवलेलं, आणि क्लच-ब्रेकच्या पेडलवरचे रबर इतके करकरीत की वरच्या रेषा बोटाला टोचत होत्या. मी विचारलंसुद्धा, रबर नवीन का? "डॉक्टर लोक टापटीप असतात दादा." अरे पण 54 हजार चाललेल्या गाडीचे पेडल रबर बदलावे लागतात का? आणि सहा वर्षांत 54 हजार म्हणजे महिन्याला साडेसातशे किलोमीटर. एवढं कमी रनिंग असणारा माणूस लाखभर जास्त मोजून डिझेल घेईल कशाला? पेट्रोल घेईल ना! डिझेल घेतो तो तुमच्या-माझ्यासारखा रोज पळणारा, म्हणून कमी चाललेली जुनी डिझेल दिसली की पहिला संशय मीटरवरच घ्यायचा. हा साधा हिशोब त्या दिवशी कोणीच केला नाही, मी नाही, भावाने नाही, सगळ्यांना दसऱ्याची घाई. आणि घाई त्यानेच लावलेली होती.

दिवाळीनंतर खेडच्या चढाला क्लच सटकायला लागला, मागून टर्बोची शिट्टी. मंचरच्या मेकॅनिकने गाडी खोलली, डिझेल फिल्टर हातात घेतला, पुसला आणि मला जवळ बोलावलं. फिल्टरवर मार्करने लिहिलेलं, पुसट पण वाचता येणारं, 12/10/22 आणि त्याखाली 1,38,420. मला क्षणभर काही कळेना. गाडीच्या मीटरवर तेव्हा साठ हजारसुद्धा नव्हते. क्लच 14,800, टर्बो 41,500, सस्पेन्शन 18,000, म्हणजे 74,300 तिथेच गेले.

मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला आरसी दाखवली, त्यांनी कॉम्प्युटरवर हिस्ट्री काढून दिली. 2021 च्या शेवटच्या एंट्रीलाच 1,16,000 च्या वर. हे काम पैसे द्यायच्या आधी करायचं, मालकालाच तिथे उभा करून. तो नाही म्हणाला तर गाडी सोडून द्या. जुन्या इन्शुरन्सच्या कॉपीवरून आधीच्या मालकाचा नंबर काढला. डॉक्टर वगैरे कोणी नाही, दूध खरेदीसाठी गावोगाव फिरणारा माणूस निघाला. बिचारा सरळ बोलला, "भाऊ, मी 1,41,000 ला दिली, 4 लाख 70 हजार आले, 29-30 च्या (मालकी बदलायच्या) फॉर्मवर कोऱ्या सह्या घेतल्या." विकतानाचा मीटरचा फोटोसुद्धा त्याने व्हॉट्सअ‍ॅपला पाठवला. या सगळ्यात मला खरी मदत केली ती याच माणसाने.

पोलिसांकडे गेलो तर एका ठाण्यात म्हणे तुम्ही राहता तिकडे जा, आमच्या ठाण्यात म्हणे यार्ड तिकडे आहे, तिकडेच जा. अर्ज घेतला तर पोच देईनात. शेवटी एका साहेबांनी सांगितलं, हे दिवाणी मॅटर आहे, आपसात मिटवा. दिवाणी कसं? मीटर खोटं करून पैसे उकळणं ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), सात वर्षांपर्यंत शिक्षा. आणि हद्दीचं कारण चालतच नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. मी प्रिंट घेऊन गेलो होतो. साहेबांनी प्रिंट बाजूला सरकवली आणि फोनवर बोलत बसले. मग पोस्टाने एसपींना तक्रार पाठवली, रजिस्टर्ड एडी. तुमची घेत नसतील तर तुम्हीही हेच करा, कायद्यातच ती सोय आहे.

आरटीओची तऱ्हा अजून संतापजनक. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथोरायझेशन लागतं, फॉर्म 29बी. मी एवढंच विचारलं की या यार्डला ते आहे का. या टेबलवरून त्या टेबलवर. एक जण म्हणतो अर्ज करा, दुसरा म्हणतो माहिती अधिकार टाका, तिसरा म्हणतो आम्ही कागद बघतो, मीटर बघायचं काम आमचं नाही. मग कोणाचं आहे? ट्रान्सफरचे पैसे भरून घेताना सगळ्यांची कामं असतात, माणूस बुडाला की कोणाचंच नाही. नियम केला, यार्डं राजरोस चालू आहेत, आणि ज्याने रजा टाकून खेपा घालायच्या तो नोकरदारच. माहिती अधिकार टाकलाय, उत्तर नाही. तुम्ही मात्र यार्डात शिरल्या शिरल्या 29बी मागा. नसेल तर तिथूनच परत फिरा.

यार्डवाला आता डिलिव्हरी नोट नाचवतो. बारीक इंग्रजीत ओळ आहे की गाडी तपासून, जशी आहे तशी घेतली, खाली माझी सही. वकील म्हणाले या ओळीने फसवणूक धुतली जात नाही, त्यामुळे अशी सही केली असेल तरी घाबरून घरी बसू नका. पण सही करायच्या आधी त्याच कागदावर त्याच्या हाताने मीटर रीडिंग "खरे आहे" असं लिहून घ्या, जाहिरातीचे स्क्रीनशॉट ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका. माझ्याकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट आहे, त्यात 54,212 स्पष्ट दिसतंय, त्यावरच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी सल्ला घेता येतो आणि तक्रार ऑनलाइनही भरता येते.

पिंपरी-चिंचवड भागात 2024 च्या दसऱ्याच्या आसपास कोणी अशी "डॉक्टरांची" डिझेल गाडी घेतली असेल तर आधी सर्व्हिस हिस्ट्री काढा आणि मला कळवा. त्याच यार्डाच्या जाहिरातीत आत्ता 2017 ची एक डिझेल आहे, 48 हजार चाललेली सांगतात, आणि फोटोत स्टीअरिंगला तसलंच नवं कव्हर आहे.