ओसीआयचा अर्ज प्रलंबित असताना जोडीदारासाठी आधी काय काढावे: पॅन, आधार की वाहन परवाना?

बडोद्याजवळ टाटा-एअरबसच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत झाले, त्या दिवशी शहरभर स्पेनचे झेंडे लागले होते. आमच्या दांडिया बाजारातल्या घरात मात्र स्पेन त्याआधीच येऊन दाखल झाले होते. पुतण्याची बायको स्पॅनिश आहे, आणि तिच्या कागदपत्रांची सगळी धावपळ, निवृत्त माणसाला दुसरे काम काय या न्यायाने, माझ्याकडे आली. ज्यांच्या घरी अशीच परदेशी सून किंवा जावई आहे आणि दीर्घ मुक्कामाचा, म्हणजे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्ज सरकारदरबारी पडून आहे, त्यांना आधी कोणते कार्ड काढावे हे ठरवताना उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हा आढावा लिहीत आहे.

प्रथम ‘अर्ज प्रलंबित आहे’ म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट असले पाहिजे. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला येथे राहण्यासाठी एक्स-२ या प्रकारचा प्रवेश व्हिसा मिळतो आणि त्याची मुदत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या ई-एफआरआरओ या संकेतस्थळावरून वाढवून घेता येते. ओसीआय कार्ड हा त्याच्या पुढचा टप्पा आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ मधील कलम ७-अ नुसार विवाह नोंदलेला असला पाहिजे आणि अर्जाच्या लगेच आधीची सलग दोन वर्षे तो टिकलेला असला पाहिजे. शिवाय जोडीदाराच्या बाबतीत सुरक्षाविषयक पडताळणी पूर्ण झाल्याखेरीज कार्ड मिळत नाही. त्यामुळे पहिली दोन वर्षे पात्र होण्यात जातात आणि त्यानंतर निकालाची वाट पाहण्याचा काळ सुरू होतो. या संपूर्ण काळात व्हिसा जिवंत ठेवावाच लागतो, कारण अर्जाची पोचपावती म्हणजे मुक्कामाचा परवाना नव्हे आणि ओळखपत्र तर नव्हेच. लग्न थाटात लावून नोंदणी ‘बघू सावकाश’ म्हणत पुढे ढकलणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण या साऱ्या व्यवहारात पत्रिकेवरच्या मुहूर्ताला काडीचीही किंमत नसून नोंदणीचा दाखलाच विचारला जातो.

विदेशी नागरिक म्हणून झालेल्या नोंदणीचा दाखला, म्हणजे ज्याला कार्यालयांत नुसते ‘आरसी’ म्हणतात, तो इतर सर्व कार्डांचा पाया आहे. १८० दिवसांहून अधिक मुक्काम करणाऱ्याला ही नोंदणी करावी लागते. ती कधीपर्यंत करायची याचा शेरा व्हिसावरच छापलेला असतो आणि तो भिंग घेऊन का होईना, पण वाचावा. १ सप्टेंबर २०२५ पासून १९३९ च्या विदेशी नागरिक नोंदणी कायद्याची आणि १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे, तरी नोंदणीची गरज कायम आहे. या दाखल्याचा खरा उपयोग असा की, परदेशी पासपोर्टवर बडोद्याचा पत्ता नसतो आणि आरसीवर तो असतो. ओळखपत्र म्हणून मात्र तो दुबळा आहे, कारण पोलीस आणि व्हिसाची कार्यालये सोडली तर समोरच्या माणसाने तो कागद पूर्वी कधी पाहिलेलाच नसतो.

खरी निवड पॅन, आधार आणि वाहन परवाना यांच्यात करायची असते. माझे मत आधीच सांगून टाकतो: पॅन ताबडतोब काढावे, आधारसाठी व्हिसाची उरलेली मुदत पाहून निर्णय घ्यावा, आणि वाहन परवाना जिला खरोखर गाडी चालवायची आहे तिनेच काढावा.

पॅनच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट ही की, त्याला व्हिसाच्या मुदतीशी काही देणेघेणे नाही. किती दिवस भारतात राहिलात हे कोणी विचारत नाही. परदेशी नागरिकांसाठी वेगळा अर्ज आहे, पासपोर्टची प्रत ओळखीसाठी चालते आणि भारतातील पत्त्यासाठी आरसी चालते. भारतातल्या पत्त्यावर कार्ड मागवण्याचे शुल्क आम्ही १०७ रुपये भरले. व्हिसा बदलला, ओसीआय मिळाले, पुढे सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज केला, तरी क्रमांक तोच राहतो. ‘आधी आधार, मग पॅन’ असे एजंट छातीठोकपणे सांगतात, पण ते परदेशी नागरिकाला लागू नाही. पॅनला आधार जोडण्याच्या सक्तीतून भारताचे नागरिक नसलेल्यांना २०१७ सालीच वगळलेले आहे. आधारच्या जोरावर काही मिनिटांत मिळणारे ई-पॅन मात्र त्यांना मिळत नाही, रीतसर अर्जच करावा लागतो.

या रीतसर अर्जातच आमचा पाय घसरला. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, पहिले वडिलांचे आणि दुसरे आईचे, आणि पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात दोन्ही एकत्र छापलेली असतात. उदाहरणादाखल ‘गार्सिया लोपेझ’ असे धरू. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातल्या मुलाने संगणकावरून मान न काढता विचारले, “बेन, वच्चेनुं नाम?” मधले नाव नाही असे असते यावर त्याचा विश्वासच बसेना. शेवटी त्याने परस्परच गार्सियाला मधल्या रकान्यात बसवले आणि आडनाव म्हणून एकटे लोपेझ ठेवले. पॅनचे पाचवे अक्षर आडनावाच्या आद्याक्षरावरून पडते. ते ‘जी’ ऐवजी ‘एल’ पडले. नावाची दुरुस्ती पुढे झाली, पण दुरुस्तीने क्रमांक बदलत नाही, त्यामुळे ते ‘एल’ आता जन्माचे सोबती आहे. (तिच्या आईला मात्र हे ऐकून फार आनंद झाला.) दुसरी गंमत अशी की, पॅनच्या अर्जात विवाहित स्त्रीलाही वडिलांचे नाव विचारतात, पतीचे नव्हे, आणि स्पेनमध्ये लग्नानंतर आडनाव बदलण्याची पद्धतच नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘निदान आपले आडनाव तरी लावा’ असा आग्रह धरला तरी तो कागदावर उतरू देऊ नये, कारण पासपोर्टवर जसे आहे त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळणारे नाव हेच पुढच्या प्रत्येक खिडकीवर तुम्हाला वाचवते.

पॅनची उणी बाजूही सांगितली पाहिजे. त्यावर पत्ता नसतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी जी अधिकृत कागदपत्रे ग्राह्य धरतात, त्यांत पॅन येत नाही. ते, किंवा ते नसल्याचे ठरावीक घोषणापत्र, स्वतंत्रपणे द्यावे लागते. त्या यादीत पासपोर्ट, वाहन परवाना, आधार आणि आणखी काही कागद आहेत. म्हणजे बँकेत खाते उघडताना काउंटरवर ‘आधार नसेल तर होणार नाही’ असे उत्तर मिळाले, तरी नियमाप्रमाणे पासपोर्ट आणि पॅन यांवर काम व्हायला हवे, आणि बँक खात्यासाठी आधारची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात रद्द केलेली आहे. हे शाखाधिकाऱ्याला शांतपणे, शक्यतो गर्दी नसलेल्या वेळी सांगावे. आम्ही दुपारी सांगितले आणि काम झाले, सकाळी सांगितले तेव्हा झाले नव्हते.

आता आधार. व्यवहारात याच्याइतके चालणारे दुसरे कार्ड नाही, हे मान्यच करावे लागते. परंतु परदेशी नागरिकाचे आधार हे आपल्या आधारासारखे नसते. पहिली अट अशी की, नोंदणीच्या तारखेच्या लगेच आधीच्या बारा महिन्यांत भारतात एकूण १८२ दिवस किंवा त्याहून अधिक वास्तव्य झालेले असले पाहिजे. दुसरी अशी की, ते आधार व्हिसाच्या मुदतीपर्यंतच चालते. ओसीआयधारकाला वास्तव्याची अट लागू आहेच, पण त्याचे आधार नोंदणीपासून दहा वर्षे चालते. या एका फरकातच ‘आता काढावे की थांबावे’ या प्रश्नाचे बहुतेक उत्तर आहे.

हिशेब करून पाहू. सून १२ जानेवारीला आली असे धरा. लीप वर्ष नसेल आणि ती मधे कोठेही गेली नाही, तर जानेवारीचे २०, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे ३१ आणि जूनचे ३० मिळून १७० होतात आणि १२ जुलैला १८२ दिवस भरतात. पण उन्हाळा सोसेना म्हणून ती ३० एप्रिलच्या रात्री माहेरी गेली आणि १६ जूनला परतली, तर मधले ४६ दिवस गळतात आणि तीच तारीख २७ ऑगस्टवर जाते. तिचा व्हिसा वर्षभराचाच असेल, तर तो पुढच्या जानेवारीत संपणार; म्हणजे सारे सोपस्कार करून हाती येणारे कार्ड जेमतेम साडेचार महिन्यांचे, आणि पडताळणीत जे आठवडे जातील ते त्यातूनच वजा. अशा वेळी आधी व्हिसाची मुदत वाढवून घ्यावी आणि नव्या मुदतीच्या जोरावर आधारची नोंदणी करावी, हेच शहाणपणाचे. उलट, हाती तीन-चार वर्षांचा व्हिसा असेल आणि ओसीआयला पात्र व्हायलाच अजून वर्ष असेल, तर थांबण्यात काही अर्थ नाही. नोंदणी करून टाकावी. तिसरी परिस्थिती अशी की, ओसीआयचा अर्ज दाखल झालेला आहे, पडताळणी सुरू आहे आणि व्हिसाचे सहा-आठ महिने उरले आहेत. येथे मी स्वतः थांबलो असतो, कारण आता काढलेले आधार ओसीआय आल्यावर नव्या कागदपत्रांनिशी पुन्हा अद्ययावत करावेच लागते आणि रांग दोनदा लावावी लागते. घरात बाळ येणार असेल किंवा दुसरी काही निकड असेल तर गोष्ट वेगळी.

नोंदणी विनामूल्य आहे, पण परदेशी प्रौढांसाठी फॉर्म ७ हा वेगळा अर्ज असतो आणि तो कोपऱ्यावरच्या केंद्रातल्या मंडळींच्या सहसा हाताखालून गेलेला नसतो. त्यामुळे रावपुऱ्यातली तीन केंद्रे पालथी घालण्यापेक्षा सरळ आधार सेवा केंद्रात वेळ ठरवून जावे आणि पासपोर्ट, व्हिसा व आरसी यांच्या मूळ प्रती बरोबर न्याव्यात. आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, असे आधारच्या कायद्यातच म्हटले आहे. तेव्हा ते मिळाल्याने ओसीआयच्या अर्जाला बळ येईल, ही समजूत सोडून द्यावी.

वाहन परवान्याबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय परवान्यावर भारतात आल्यापासून एक वर्ष गाडी चालवता येते. त्यानंतर येथलाच परवाना हवा. बडोद्याचे आरटीओ दरजीपुऱ्याला आहे. आधार असेल तर शिकाऊ परवान्याचे बरेच काम घरबसल्या होते. नसेल तर कागद घेऊन जातीने जावे लागते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. यात पत्ता आणि छायाचित्र दोन्ही असतात आणि बँकेच्या यादीतही तो बसतो, म्हणून आधारच्या तुलनेत तो अगदीच टाकाऊ नाही; पण केवळ ओळखपत्र हवे म्हणून उजवीकडच्या स्टिअरिंगमागे बसून चाचणी देणे, आणि तेही डाव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय नसताना, हा आडवळणाचा मार्ग आहे. आमच्या सुनेने तो पत्करला नाही. ती मांडवीतून रिक्षानेच जाते आणि भाव मात्र गुजरातीत करते.

यांपैकी कोणतेही कार्ड असले तरी हॉटेलात परदेशी माणसाला पासपोर्ट आणि व्हिसाच दाखवावा लागतो, कारण परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवणे यजमानावर बंधनकारक असते. द्वारकेला किंवा पंढरपूरला निघताना ‘आधार आहे ना’ म्हणून पासपोर्ट कपाटात ठेवून जाऊ नये.

एक कार्ड मात्र कोणी आणून देतो म्हणाले तरी घेऊ नये, ते म्हणजे मतदार ओळखपत्र. मतदार यादीत केवळ भारतीय नागरिकाचेच नाव येऊ शकते आणि त्यासाठी खोटे प्रतिज्ञापन केल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘बेन तो आपडा घरना ज छे’ असे म्हणत अर्ज पुढे करणारा ओळखीचा माणूस आम्हालाही भेटला होता. त्याला चहा पाजून वाटेला लावले.

ओसीआय हाती आले की विदेशी नागरिक नोंदणीची आणि व्हिसाच्या मुदतवाढीची कटकट संपते. मग आधार काढलेले असेल तर ते ओसीआयच्या आधारे अद्ययावत करावे, बँकेला नवी प्रत द्यावी, आणि पॅनला हातही लावू नये. विवाह संपुष्टात आला तर जोडीदार म्हणून मिळालेले ओसीआय रद्द होऊ शकते, ही तरतूद कायद्यातच आहे. अर्जावर सही करण्यापूर्वी ती दोघांनी वाचलेली बरी. आमच्याकडे ती वाचून दाखवली, तेव्हा सुनेने पुतण्याकडे नुसते एकदा पाहिले आणि सही केली.