परसातलं शिसं आणि डब्यातली मोहरी: सात महिन्यांनंतर

न्यू जर्सीतलं आमचं घर १९३० च्या दशकातलं. अमेरिकेत घराच्या रंगात शिसं घालायला १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या रंगाचे पापुद्रे भिंतीलगतच्या मातीत किती मुरले असतील, कोण जाणे. मेथी-कोथिंबीर पेरण्याआधी माती तपासून घेतली, तर शिसं किलोमागे ५०० मिलिग्रॅमच्या आसपास. राहत्या घराभोवतीच्या मातीसाठी अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण खात्याने जानेवारी २०२४ मध्ये सावधगिरीची पातळी ४०० वरून २०० वर आणली आहे.

मोहरी शिसं ओढून घेते, हे वाचलं होतं. शिवाय प्रयोग आमच्याच राज्यातला: ट्रेंटनमध्ये जिथे पूर्वी बॅटऱ्या बनत, त्या जागेवर मातीतलं शिसं काढायला १९९० च्या दशकात हीच आपली फोडणीची मोहरी लावली होती. म्हटलं, डब्यातली मूठभर टाकून बघू. एप्रिल ते ऑक्टोबर तीन पिकं घेतली.

उगवते झकास. जुलैच्या उन्हात मात्र वीतभर होते न होते तोच फुलावर आली. सासूबाई पाहुण्या आल्या होत्या. त्यांचा जीव तुटायचा, "अगं, एवढी कोवळी पानं पिशवीत कोंबतेस?" खाता येत नाहीत, खतात टाकता येत नाहीत, टाकली तर शिसं पुन्हा मातीतच.

सोबत मुळांना मदत करणाऱ्या बुरशीचं, म्हणजे मायकोरायझाचं पाकीट घेतलं होतं. ते पैसे पाण्यात. मोहरीच्या कुळातली झाडं या बुरशीशी सहसा सोयरीक करतच नाहीत, हे नंतर कळलं. पाकिटावर ते कोण छापणार! सूर्यफुलाला ती चालते.

ऑक्टोबरमध्ये माती पुन्हा तपासली. आकडा जिथल्या तिथे. मग कागद घेऊन बसले. एक चौरस मीटर, वीतभर खोल माती म्हणजे अडीचशे किलो, त्यात १२५ ग्रॅम शिसं. एका पिकाचा वाळलेला पाला किलोभर आणि त्यात १०० मिलिग्रॅम शिसं आलं असं उदारपणे धरलं, तरी २०० च्या पातळीवर यायला साडेसातशे पिकं. वर्षाला तीन धरली तर अडीचशे वर्षं!

कारण साधं आहे. शिसं मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं, आणि जेवढं सुटतं त्यातलं बरंचसं झाडाच्या मुळांमध्येच अडकतं. ईडीटीए नावाचं, धातूंना बांधून घेणारं रसायन मातीत घातलं की शिसं मोकळं होऊन पानांत चढतं, पण झाडाने न घेतलेलं पावसाबरोबर खाली भूजलाकडे जातं. मी ते घातलं नाही.

झाडं लावून माती स्वच्छ करण्याचं तंत्रच फोल आहे, असं मी म्हणणार नाही. आर्सेनिक असेल तर गोष्ट वेगळी. टेरिस व्हिटाटा नावाचं नेचं ते पानांत अक्षरशः साठवतं; फ्लोरिडातल्या संशोधकांनी २००१ मध्ये हे दाखवलं. पण ते उबदार हवेतलं झाड, आमच्या हिवाळ्यात उघड्यावर टिकायचं नाही.

शिसं काढण्याचा नाद मी सोडलाय. भिंतीलगत कंपोस्ट पसरून दाट गवत लावलं, म्हणजे धूळ उडत नाही आणि मुलांच्या हाताला माती लागत नाही. मेथी-कोथिंबीर विकतच्या स्वच्छ मातीच्या उंच वाफ्यांत. मोहरीच्या तीन काळ्या पिशव्या गॅरेजमध्येच आहेत. कुठे द्यायच्या म्हणून दोन कचरा कार्यालयांत फोन केले. पहिल्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे.