असिस्ट: फुकट आहे, म्हणून कोणी सांगितलंच नाही

माझी नोकरी पावसाळ्यात लोकांचे कूलर उपसून डासांच्या अळ्या शोधण्यात गेली. नागपुरात कूलर नाही असं घर नाही, आणि दिवाळीपर्यंत त्यातलं पाणी काढणारं घर सापडायला नशीब लागतं. पोरगी लहान असताना टॉर्च धरायला सोबत यायची. आता ती मामाकडे कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात आहे. दोन वर्षांनी विद्यापीठात जाऊन पब्लिक हेल्थची पदवी घेईन म्हणते.

आधी इथल्याच एका कन्सल्टन्सीत 15 हजार मोजले. गुळगुळीत फाइल मिळाली. त्यात लिहिलं होतं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसला ट्रान्सफरची, म्हणजे कॉलेजातून तिकडे प्रवेशाची, गॅरंटी मिळते, आणि केमिस्ट्रीचं एक सेमिस्टर पुरे.

मग लेकीच्या कॉलेजातल्या बाईंनी असिस्ट डॉट ऑर्ग दाखवली. आपल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात चालतो ते सांगणारी कॅलिफोर्नियाची ही अधिकृत साइट, पैसे नाहीत, लॉगिन नाही. इकडे रात्रीचे 9, तिकडे सकाळचे साडेआठ, बापलेक व्हिडिओ कॉलवर. वर्ष निवडा, आपलं कॉलेज निवडा, मग विद्यापीठ आणि विषय. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा आपल्या कॉलेजचा. जिथे जोड नाही तिथे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’. एवढं सरळ.

त्याच विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसचं पान उघडलं आणि फाइलीतली गोम कळली. तिथे पब्लिक हेल्थच्या दोन पदव्या आहेत, एक सायन्सची बीएस, एक पॉलिसीची बीए; दोघींच्या याद्या वेगळ्या. हिला हवी बीएस. तिकडे क्वार्टर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं, म्हणून जनरल केमिस्ट्रीचे तीन तुकडे. हिच्या कॉलेजात सेमिस्टर, म्हणून दोन. उजवीकडच्या दोन कोर्सांच्या मध्ये बारीक ‘अँड’ छापलंय. त्या तीन अक्षरांचा अर्थ, दोन्ही केले तरच तिकडचे तिन्ही सुटतात. एक करून थांबलो असतो तर बसलो असतो बोंबलत.

गॅरंटीचंही तेच. ‘टॅग’ नावाची ती प्रवेशाच्या हमीची योजना या विद्यापीठाच्या सहाच कॅम्पसना आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. त्यात बर्कली नाही, लॉस एंजेलिस नाही, सॅन दिएगोही नाही. टॅगचा अर्ज सप्टेंबरातच भरायचा.

पाचपैकी चार तारे. एक कापला कारण ही साइट फक्त कॅलिफोर्नियाच्या सरकारी कॉलेज-विद्यापीठांपुरती. मामाचा शेजारी ॲरिझोनाचं विचारत होता, त्याला हात हलवत परत जावं लागलं. शिवाय कोर्स जुळला म्हणजे प्रवेश मिळाला, असं नव्हे. मोबाइलवर बघू नका, डावं-उजवं डोळ्यांत मावत नाही. आम्ही पान छापून फ्रिजवर लावलंय, झालेल्या कोर्सांवर हिरवी खूण.

केमिस्ट्रीचा दुसरा भाग लेकीने कालच घेतला. कन्सल्टन्सीवाल्यांचा मेसेज आजच आला: दुसऱ्या मुलाच्या फाइलीवर 20 टक्के सूट.