लायसेट की रिकॉम्बिनंट फॅक्टर सी?

इंजेक्शनातलं एंडोटॉक्सिन, म्हणजे ताप आणणारं जिवाणूंचं विष, तपासायला लॅबमध्ये नवी पद्धत बसवणार असाल, तर सशांचा विचार मनातून काढूनच टाका. नोकरीच्या सुरुवातीला मी ते काम केलंय. सशाच्या कानाच्या शिरेत औषध टोचायचं आणि तीन तास ताप मोजत बसायचं. भेदरलेल्या सशाचं अंग नुसत्या धरण्यानेही तापतं. मग नोंद झालेला ताप औषधाचा की भीतीचा, हे कसं ठरवणार? युरोपीय फार्माकोपियानेही (औषधांच्या चाचण्यांचा अधिकृत नियमग्रंथ) २०२४ मध्ये ही चाचणी वगळायचं ठरवलं.

उरतात दोन: लायसेट आणि रिकॉम्बिनंट फॅक्टर सी. लायसेट, म्हणजे एलएएल, हे एंडोटॉक्सिन असलं की गोठणारं द्रावण सगळ्यांच्या हातात बसलेलं आहे. अमेरिकेत १९७७ पासून त्याला मान्यता आहे, ऑडिटरला काही समजावून सांगावं लागत नाही आणि जेल क्लॉटला, म्हणजे ट्यूबमध्ये गुठळी होते का ते पाहण्याच्या पद्धतीला, महागडं यंत्रही लागत नाही. थोड्याच बॅचेस असतील तर तेच सोयीचं, हे मी मान्य करतो. पण ते येतं हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तातून. रक्त काढून प्राणी समुद्रात सोडतात खरे, पण सगळे जगत नाहीत. अमेरिकेतल्या डेलावेअरच्या उपसागरात त्यांच्या अंड्यांवर जगणारे रेड नॉट पक्षीही त्यांच्यासोबत धोक्यात येतात.

माझा निर्णय मात्र एका फिल्टरने झाला. एक बॅच सतत फेल जात होती. पाणी तपासलं, काचसामान पुन्हा डीपायरोजिनेट (एंडोटॉक्सिनमुक्त) केलं, ॲनालिस्ट बदलला, तरी ट्यूबमध्ये गुठळी होतीच. बॅच होल्डवर, ओओएसची (मर्यादेबाहेरच्या निकालाची) फाइल जाड होत चाललेली, आणि ज्या पोराने टेस्ट केली त्याच्याकडे सगळे संशयाने बघत होते. शेवटी कळलं की सेल्युलोजच्या फिल्टरमधून बीटा-ग्लुकन हा साखरेच्या साखळ्यांचा पदार्थ सुटत होता. लायसेटमधला फॅक्टर जी हा घटक ग्लुकनला प्रतिसाद देतो, म्हणून एंडोटॉक्सिन नसतानाही गुठळी होते. ग्लुकनचा परिणाम रोखणारं ब्लॉकिंग बफर वापरलं तर हे टळतं, पण त्यासाठी आधी शंका यायला हवी. त्या पोराला लागलेला बोल अजून माझ्या मनातून जात नाही.

रिकॉम्बिनंटमध्ये फॅक्टर जी नसतोच. एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या फॅक्टर सी या प्रथिनाचं क्रॅबमधलं एकच जनुक सिंगापूरच्या संशोधकांनी वेगळं केलं. आता ते प्रथिन प्रयोगशाळेतल्या पेशींत बनतं, रक्त लागत नाही. आम्ही बदल केल्यापासून ग्लुकनचा तसला घोळ पुन्हा झालेला नाही. अर्थात हा एकाच लॅबचा अनुभव आहे.

त्रास आहेच. फ्लुरोसन्स रीडर (चमक मोजणारं यंत्र) घ्यावा लागतो आणि प्रत्येक उत्पादनासाठी पद्धत योग्य ठरते का ते पाहावं लागतं. पूर्वी तर पर्यायी पद्धत म्हणून सगळं सिद्ध करण्यातच दम जायचा. आता युरोपीय फार्माकोपियात २०२१ पासून आणि अमेरिकी फार्माकोपियात मे २०२५ पासून तिचा स्वतंत्र अध्याय आहे. माल कुठे जातो ते पाहून त्या देशाचा नियम आधी वाचा. सगळं एकदम बदलायचं नसेल तर पाण्याच्या नमुन्यांपासून सुरुवात करा, आम्हीही तिथूनच केली.